नवे बॅरल बसवल्यावरही ग्रुप पुन्हा पुन्हा फुटतो: .२२ टार्गेट रायफलची क्रमवार तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपात येते. पन्नास मीटरच्या .२२ रायफलला नवे बॅरल (गोळी जिच्यातून जाते ती नळी) बसवले जाते, सुरुवातीला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचे लक्ष्यावरचे पुंजके, सुरेख येतात, आणि काही आठवड्यांतच दहापैकी आठ गोळ्या एकमेकींना चिकटून जात असताना उरलेल्या दोन काहीही कारण नसताना नऊच्या रेषेकडे सरकू लागतात. नेमबाज आपले ट्रिगर आणि श्वास तपासतो, प्रशिक्षक पवित्रा तपासतो, रायफल पुन्हा आर्मररकडे (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) जाते, तेथून आली की थोडे दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी सर्वांचा संशय बॅरलवर जातो. माझे मत याच्या उलट आहे. नामांकित कारखान्यातून आलेले बॅरल क्वचितच दोषी असते. दोष असतो तो बॅरल जिथे जिथे दुसऱ्या कशाला तरी भेटते तिथे, म्हणजे अ‍ॅक्शनच्या सांध्यात (अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मागचा धातूचा भाग), बोल्टच्या (काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी, दस्त्याच्या (रायफल धरण्याच्या सांगाड्याच्या) बैठकीत, काडतुसाच्या कडेशी आणि अगदी पुढे, गोळी बाहेर पडते त्या काठावर.

पुढील विवेचन एकेरी भरण्याच्या, बोल्ट असलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या सामन्याच्या रायफलपुरते आहे. प्रोन (पालथे पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून) या प्रकारांत हीच रायफल वापरली जाते. २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली आणि २०२४ साली स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून कोल्हापूर आणि पुण्याच्या रेंजवर या रायफली घेऊन उभी राहणारी मुले-मुली पुष्कळ दिसतात. रायफल महाग, सुटे भाग परदेशी आणि जाणकार आर्मरर मोजके, त्यामुळे चुकीच्या जागी शोधलेला दोष या मुलांना फार महागात पडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे आटे पाडणे, चेंबर (बॅरलमधली काडतूस बसण्याची जागा) कापणे, पिना काढणे अशी कामे परवानाधारक आर्मररनेच करावीत. ओळखीच्या वर्कशॉपमधला टर्नर कितीही निष्णात असला तरी त्याच्या लेथवर बॅरल नेऊ नये. नेमबाजाने आणि प्रशिक्षकाने स्वतः करायचे काम निरीक्षणाचे आणि नोंदीचे आहे, आणि निदानाचा मोठा भाग त्यातूनच होतो.

किती बिघाड म्हणजे बिघाड

पन्नास मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. भोकाची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळत असल्याने गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. दशांश गुणांकनात प्रत्येक ०.१ गुणामागे हे अंतर ०.८ मिलिमीटरने बदलते. म्हणजे रायफलने स्वतःच मध्यापासून मध्यापर्यंत सोळा मिलिमीटर पसरट ग्रुप दिला, तर नेमबाजाने निर्दोष नेम धरूनही त्याच्या हातात काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून टेबलावर रेस्ट (रायफलचा आधार) ठेवून घेतलेल्या पाच गोळ्यांच्या एका छान ग्रुपवर कोणीही समाधान मानू नये. पाच गोळ्यांत भटकी गोळी न दिसणे हा बऱ्याचदा निव्वळ योगायोग असतो. त्याच रायफलचे, त्याच बॅचचे (एकाच वेळी तयार झालेल्या काडतुसांचे), दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप घ्यावेत आणि ते एकावर एक ठेवून पाहावेत. चाळीस गोळ्यांचे ते एकत्रित चित्रच रायफलचे खरे वागणे दाखवते.

चाचणी शक्यतो बंदिस्त रेंजवर किंवा पहाटे वारा पडलेला असताना करावी. आडवा वारा हलक्या शिशाच्या गोळीला सहज ढकलतो आणि त्याने झालेला पसारा रायफलच्या माथी मारला जातो.

लक्ष्यपत्र काय सांगते

ग्रुप फुटला एवढेच म्हणून भागत नाही. तो कसा फुटला याला महत्त्व आहे, आणि हे चित्र नीट वाचले तर अर्धे काम हत्यार हातात न घेताच होते.

पसारा उभा असेल तर गोळीचा वेग कमी-जास्त होत आहे असे धरून चालावे. सामन्याच्या काडतुसाची गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, पन्नास मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग दहा मीटर प्रतिसेकंदाने घटला तर ती आणखी सात ते आठ मिलिमीटर खाली पडते, म्हणजे दशांश गुणांकनात जवळजवळ पूर्ण एक गुण जातो. वेगातला हा फरक काडतुसातून येऊ शकतो, फायरिंग पिनच्या (काडतूस पेटवण्यासाठी त्यावर आदळणाऱ्या खिळीच्या) कमकुवत आघातातून येऊ शकतो, आणि बोल्ट व बॅरल यांच्यातल्या सैल अंतरातूनही येऊ शकतो.

दोन वेगळे पुंजके दिसत असतील, आणि प्रत्येक पुंजका आपापल्या परीने घट्ट असेल, तर रायफलमधला कोणता तरी भाग दोन जागांपैकी कधी एका तर कधी दुसऱ्या जागी बसत आहे. हे चित्र मला सर्वांत बोलके वाटते, कारण वाईट बॅरल दोन घट्ट पुंजके देत नाही. येथे साइट (नेम धरण्याचे साधन), साइटची रेल, दस्त्यातली अ‍ॅक्शन किंवा बॅरलचा सांधा यांपैकी काहीतरी हलते आहे. उलट, पसारा सर्व बाजूंनी सारखाच आणि गोल असेल, एकही ग्रुप चांगला येत नसेल, तर काडतुसाची बॅच, बॅरलचे तोंड किंवा चेंबर यांकडे वळावे. आणि सुरुवातीच्या गोळ्या ठीक जाऊन पुढे पुढे ग्रुप एकाच दिशेला सरकत असेल, तर बैठकीतला ताण किंवा उन्हात तापणारा दस्ता तपासावा.

बॅरलला हात लावण्याआधी

सर्वांत आधी साइट आणि नळीची पुढची जोड. थ्री पोझिशनच्या रायफलींवर बॅरलच्या तोंडापुढे एक्स्टेंशन ट्यूब लावलेली असते आणि पुढची साइट तिच्यावरच बसते. बॅरल बदलताना ही ट्यूब काढली जाते, पुन्हा लावली जाते, आणि नव्या बॅरलचा बाहेरचा व्यास जुन्यापेक्षा केसभर कमी असला तरी तिचा क्लॅम्प पूर्ण पकड घेत नाही. ट्यूब हाताने पिळून पाहिली तर हलत नाही, पण प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ती सूक्ष्म सरकते आणि तिच्याबरोबर साइटही सरकते. क्लॅम्पच्या कडेला बॅरलवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून पन्नास गोळ्या झाडाव्यात आणि रेघ जागेवर आहे का ते पाहावे. ट्यूब वाकडी बसली असेल तर गोळी आतल्या भिंतीला निसटती घासूही शकते. ट्यूबच्या आत एकाच बाजूला शिशाचा करडा पट्टा दिसला तर त्याचे दुसरे कारण शोधत बसू नये.

त्यानंतर काडतूस. हे अनेकांना पटत नाही, परंतु बॅरल बदलले की जुनी आवडती बॅच संपली असे समजावे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन बॅचेस एकाच बॅरलमधून वेगळ्या वागतात, आणि एकच बॅच दोन बॅरलमधून वेगळी वागते. म्हणूनच इंग्लंडमधल्या एलीने आणि जर्मनीतल्या शोनेबेक येथे लापुआने नेमबाजांसाठी चाचणी-रेंज ठेवल्या आहेत, जिथे रायफल किंवा तिची अ‍ॅक्शन पकडीत बसवून एकामागून एक बॅच झाडून पाहिली जाते. आपल्याकडे सामन्याची काडतुसे बहुतेक आयात होतात आणि हवी ती बॅच पुन्हा मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे जे मिळेल ते वापरण्याची सवय लागते. तरीही रेंजवरच्या सोबत्यांकडून तीन-चार वेगवेगळ्या बॅचेसची एकेक पेटी मिळवून तुलना केल्याशिवाय नव्या बॅरलवर निर्णय देणे हा त्या बॅरलवर अन्याय आहे.

बॅच बदलताना आणखी एक काळजी घ्यावी. या गोळ्यांवर मेणासारखे वंगण असते, त्याचा पातळ थर बॅरलच्या आत बसतो आणि प्रत्येक उत्पादकाचे वंगण वेगळे असते. कंपनी बदलल्यावर किंवा बॅरल पूर्ण स्वच्छ केल्यावर नवा थर बसेपर्यंतच्या गोळ्या भरकटतात. त्या मोजणीत धरू नयेत.

दस्ता आणि दोन स्क्रू

बॅरल बदलण्यासाठी अ‍ॅक्शन दस्त्यातून काढावी लागते, आणि ती परत बसवताना जो ताण निर्माण होतो तोच पुढे महिनोन्‌महिने छळत राहतो. अ‍ॅक्शनचे दोन स्क्रू किती घट्ट करायचे याचा आकडा रायफलच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. तो टॉर्क रेंचनेच साधावा. अ‍ॅलन की हातात घेऊन अंदाजाने आवळणारा माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच ताण देतो. दोन्ही स्क्रू आधी हलके टेकवावेत, रायफल उभी धरून अ‍ॅक्शन मागे दस्त्याला पूर्ण टेकली आहे याची खात्री करावी, आणि मग टप्प्याटप्प्याने आलटून पालटून अंतिम आकड्यापर्यंत यावे.

बैठकीतला ताण शोधण्याची एक परीक्षा प्रत्येक क्लबात करता येण्याजोगी आहे. चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) अशा रीतीने लावावा की स्टँड बॅरलवर पकडलेला असेल आणि गेजचे टोक दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकलेले असेल. काटा शून्यावर आणून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा, मग पुन्हा आवळावा, आणि तेच मागच्या स्क्रूबाबत करावे. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर बैठक ठीक आहे. तो त्यापेक्षा जास्त सरकत असेल तर स्क्रू अ‍ॅक्शनला वाकवून दस्त्यात बसवत आहेत, आणि अशा रायफलला जगातले कोणतेही बॅरल बसवले तरी ती स्थिर राहणार नाही. बैठक पुन्हा करून घेणे हाच त्यावर उपाय आहे. स्क्रू कमी आवळून भागवणे हा उपाय नव्हे.

लाकडी दस्ता असेल तर आपल्या हवामानाचा विचार करावाच लागतो. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगते, ऑक्टोबरच्या उन्हात आकसते, आणि बॅरल व दस्ता यांच्यामधली मोकळी फट एखाद्या जागी बंद होते. कोल्हापुरात किंवा कोकणात मे महिन्यात बसवलेले बॅरल जुलैत बिघडले अशी तक्रार ऐकली की मी प्रथम कागदाची पट्टी मागतो. साध्या कागदाची पट्टी बॅरलखाली घालून अ‍ॅक्शनपर्यंत न अडखळता सरकली पाहिजे. ती कुठे अडली तर तेथे लाकूड बॅरलला टेकले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यात हा प्रश्न येत नाही, मात्र वातानुकूलित खोलीतून थेट उन्हात नेलेल्या रायफलला तापमान जुळवून घ्यायला वेळ द्यावा.

सांधा: येथे खरे दुखणे असते

वरचे सर्व निर्दोष आढळले, तरी दोन पुंजके किंवा भटक्या गोळ्या सुरूच राहिल्या, तर आता बॅरल आणि अ‍ॅक्शन यांच्या सांध्याकडे यावे. बॅरल बसवण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. काही रायफलींमध्ये बॅरल आट्यांनी आवळलेले असते, काहींमध्ये ते अ‍ॅक्शनमध्ये दाबून आडव्या पिनांनी पक्के केलेले असते, आणि काहींमध्ये ते सरकवून क्लॅम्पच्या स्क्रूंनी धरलेले असते. अ‍ॅन्शुट्झच्या ५४ अ‍ॅक्शनचे बॅरल परंपरेने दाबून व पिना घालून बसवले जाते. प्रत्येक पद्धतीचे दुखणे वेगळे असते, हे आर्मररशी बोलताना लक्षात असू द्यावे.

आट्यांच्या सांध्यात सगळा भार बॅरलच्या खांद्यावर असतो. तो खांदा आणि अ‍ॅक्शनचे तोंड हे दोन्ही नळीच्या अक्षाशी अचूक काटकोनात असले पाहिजेत. खांदा एका बाजूनेच टेकत असेल तर सांधा आवळताना घट्ट वाटतो, पण प्रत्येक गोळीच्या कंपनाने तो न टेकलेल्या बाजूकडे सूक्ष्म कललेला राहतो आणि नेहमी एकाच ठिकाणी परत येत नाही. चांगला आर्मरर खांद्यावर निळ्या शाईचा अगदी पातळ थर लावून बॅरल हाताने टेकवतो, काढतो आणि अ‍ॅक्शनच्या तोंडावर उठलेला ठसा पाहतो. पूर्ण, अखंड निळे कडे उठले तर सांधा बरोबर आहे. अर्ध्या चंद्रासारखा ठसा उठला तर टेकणारे तोंड लेथवर पुन्हा सपाट करावे लागेल, आणि जास्त जोर लावून आवळल्याने तो ठसा पूर्ण होणार नाही.

असे का होते हेही समजून घ्यावे. बॅरलचे भोक त्याच्या बाहेरच्या व्यासाच्या बरोबर मध्यावर असतेच असे नाही. बाहेरचा व्यास धरून बॅरल चकमध्ये (लेथच्या पकडीत) लावले आणि आटे पाडले, तर आटे बाहेरच्या पृष्ठभागाशी जुळतात, भोकाशी नाही. म्हणून चार जबड्यांच्या चकमध्ये बॅरल धरून डायल गेजचे टोक थेट भोकात घालून, मागे-पुढे दोन्ही ठिकाणी काटा एक शतांश मिलिमीटरच्या आसपास स्थिर होईपर्यंत जुळवणी करावी लागते, आणि आटे, खांदा व चेंबर ही तिन्ही कामे बॅरल चकमधून न काढता एकाच लावणीत करावी लागतात. हे काम संथ आहे. ज्या आर्मररने आपल्याला 'दोन तासांत देतो' असे सांगितले, त्याने ही जुळवणी केली असण्याची शक्यता कमी आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

दाबून बसवलेल्या बॅरलमध्ये दोन दोष वारंवार दिसतात. बसण दोन्ही भागांना अगदी जुळती नसेल तर पिना भार घेतात आणि काही काळाने त्यांची छिद्रे झिजतात, मग बॅरल किंचित फिरू लागते. याची खूण म्हणजे बॅरलवरची खाच आणि बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) यांचा मेळ हळूहळू बिघडतो आणि रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, ओढताना अडखळते. उलट, बसण फार घट्ट असेल तर अ‍ॅक्शन बॅरलला आवळते आणि चेंबरपुढचे भोक तेवढ्या लांबीत अरुंद होते. पिनेचे छिद्र प्रमाणाबाहेर खोल गेले असेल तर आतल्या भिंतीवर उंचवटाही उठू शकतो. क्लॅम्पच्या सांध्याचे निदान सोपे आहे: स्क्रू ठरलेल्या टॉर्कने व ठरलेल्या क्रमाने आवळावेत आणि बॅरल व अ‍ॅक्शन यांच्यावर मिळून एक बारीक खूण करून ती पाहत राहावी.

बोल्ट, कड आणि फायरिंग पिन

.२२ काडतुसात स्फोटक मिश्रण कडेत भरलेले असते. फायरिंग पिन ही कड बॅरलच्या मागच्या तोंडावर चिरडते तेव्हाच काडतूस पेटते. म्हणून बोल्टचे तोंड आणि बॅरलचे मागचे तोंड यांतील अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, या रायफलीत फार नाजूक असते. कडेची जाडी प्रमाणानुसार जास्तीत जास्त ०.०४३ इंच, म्हणजे १.०९ मिलिमीटर असते. 'गो' गेज (अंतर तपासण्याचा मापक) सामान्यतः तेवढाच आणि 'नो-गो' गेज ०.०४६ इंच, म्हणजे १.१७ मिलिमीटरचा असतो. बोल्ट 'गो' गेजवर बंद व्हावा आणि 'नो-गो'वर बंद होऊ नये. सामन्याच्या रायफलीत आर्मरर हे अंतर किमान मर्यादेजवळ ठेवतात. ते सैल राहिले तर पिनेच्या आघाताची काही शक्ती काडतूस पुढे ढकलण्यातच जाते, पेट एकसारखा होत नाही, वेग बदलतो आणि लक्ष्यावर उभी रेघ दिसते.

हे पाहण्यासाठी रिकाम्या पुंगळ्या फेकू नयेत. झाडलेल्या पुंगळ्या क्रमाने लाकडी फळीवर मांडाव्यात, आणि जी गोळी खाली गेली तिची पुंगळी वेगळी काढून भिंगाखाली शेजारच्या पुंगळीशी ताडून पाहावी. पिनेचा ठसा उथळ असेल, कडेवरून आत सरकलेला असेल किंवा त्याचा आकार बदलत असेल तर कारण सापडले. थकलेली स्प्रिंग, बोल्टमध्ये घट्ट झालेले ग्रीस किंवा सैल हेडस्पेस यांपैकी एक तेथे आहे. बॅरल बदलल्यावर पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू लागल्याचेही आढळते. चेंबरच्या तोंडावर तिने पाडलेली छोटी खळगी आणि आत ढकललेली धातूची बर (उठलेली धारदार कड) दिसते, आणि काडतूस आत जाताना त्या जागी अडते.

चेंबर, काजळी आणि बॅरलचे तोंड

सामन्याच्या चेंबरमध्ये काडतूस बसवताना गोळी रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) हलकेच टेकते. रेंजवर, बॅरल लक्ष्याकडे ठेवून आणि रेंज ऑफिसरच्या परवानगीने, एक काडतूस चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करावा, न झाडता उघडावा आणि गोळी भिंगाखाली पाहावी. रायफलिंगचे बारीक ठसे गोळीभोवती सर्व बाजूंना सारख्याच लांबीचे दिसले पाहिजेत. एका बाजूला ते लांब आणि समोरच्या बाजूला पुसट किंवा गायब असतील, तर चेंबर भोकाशी तिरके कापले गेले आहे. प्रत्येक गोळी आपला प्रवास तिरकाच सुरू करत असल्याने हा दोष स्वच्छतेने, टॉर्कने किंवा काडतूस बदलून जात नाही.

'पुन्हा पुन्हा' उद्भवणाऱ्या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण मात्र याहून साधे आहे. पुंगळीचे तोंड जेथे संपते, बरोबर त्याच्या पुढे काजळीचे कठीण कडे साचते. रायफल आर्मररकडे जाते, तो ती तपासण्याआधी साफ करतो, ग्रुप परत येतो, सगळे त्याने केलेल्या दुरुस्तीला श्रेय देतात, आणि काही शे गोळ्यांनंतर कडे पुन्हा साचले की तक्रारही परतते. बिघाड ठरावीक गोळ्यांनंतर येतो का, हे नोंदवहीवरून लगेच कळते. अखंड, आवरण असलेला क्लीनिंग रॉड आणि बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) वापरून नेहमी चेंबरकडून साफसफाई करावी, काजळी विरघळवणारा द्रव चेंबरपुढच्या भागात थोडा वेळ राहू द्यावा आणि मग ब्रश फिरवावा. कोरडा ब्रश जोराने घासून बॅरलला इजा होते. साफ केल्यावर पुन्हा वंगणाचा थर बसेपर्यंत गोळ्या झाडाव्यात, त्यानंतरच चाचणी घ्यावी.

बॅरलच्या तोंडाची परीक्षा कापसाने करावी. काडीवर गुंडाळलेला कापूस आतून बाहेर असा काठावरून हलकेच फिरवावा. एखादा तंतू जिथे अडकतो तिथे बर आहे. तोंडावर जमणारी करडी नक्षीही पाहावी. रायफलिंगच्या प्रत्येक खाचेसमोर सारखी पाकळी उमटली असेल तर वायू सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटत आहे, आणि एक पाकळी लांब किंवा विस्कटलेली असेल तर काठ आर्मररला दाखवावा. ट्यूनरचे, म्हणजे बॅरलच्या तोंडाशी बसणाऱ्या साधनाचे, वजन मागे-पुढे करून अशा दोषावर पांघरूण घालण्याचा प्रयत्न मी कोणालाही सुचवणार नाही. ट्यूनर चांगल्या रायफलला आणखी सूक्ष्म करण्यासाठी असतो.

बॅरल खरोखर दोषी केव्हा

येथपर्यंत सर्व तपासूनही पसारा गोल आणि मोठाच राहिला, तर बॅरलच्या भोकाची तपासणी आर्मररकडून करून घ्यावी. बोल्ट काढून शुद्ध शिशाची छोटी गुंडी रॉडने चेंबरकडून हळूहळू पुढे ढकलली जाते आणि हाताला लागणारा विरोध अनुभवला जातो. उत्तम बॅरलमध्ये तो एकसारखा असतो किंवा तोंडाकडे जाताना किंचित वाढतो. मध्येच एकदम सैल जागा लागली किंवा तोंडाजवळ गुंडी मोकळी सुटली, तर गोळीवरची पकड शेवटच्या क्षणी सुटते आणि हे बॅरल सामन्यासाठी उपयोगाचे नाही. सैल भाग फक्त तोंडाजवळ असेल तर तेवढा कापून नवा काठ करण्याचा पर्याय आर्मरर सुचवू शकतो, मात्र तो निर्णय त्याचा आणि परवान्याच्या चौकटीतलाच असावा. विरोध फक्त अ‍ॅक्शनच्या सांध्याजवळच वाढत असेल तर दोष बॅरलचा नसून बसवणीचा आहे, आणि बॅरल बदलले तरी तो नव्या बॅरललाही लागेल.

रायफल आर्मररकडे पाठवताना तिच्याबरोबर चाळीस गोळ्यांची लक्ष्यपत्रे, काडतुसाच्या पेटीवरचा बॅच क्रमांक, स्क्रूंचा टॉर्क, शेवटच्या साफसफाईनंतर झालेल्या गोळ्यांची संख्या आणि भटक्या गोळ्यांच्या पुंगळ्या आपापल्या लक्ष्यपत्राला चिकटवून द्याव्यात. पाठवण्याआधी रायफल साफ करू नये, फक्त चेंबर रिकामे असल्याची खात्री करून सुरक्षा-झेंडा (चेंबर रिकामे असल्याची खूण) लावावा. साफ केलेल्या रायफलीतून काजळीचे कडे, तोंडावरची नक्षी आणि ट्यूबमधला शिशाचा पट्टा हे तिन्ही पुरावे पुसले गेलेले असतात, आणि मग आर्मररला पुन्हा बॅरलवरच संशय घ्यावा लागतो.